कोमट पाण्याची धार

यतीनला कुठलीही वस्तू विकत घ्यायची म्हटली की आधी ती घरी करता येईल का, असा प्रश्न पडतो. लग्नाला बारा वर्षं झाली, आमच्या घरात एकही पंखा जसा आला तसा राहिलेला नाही. म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले की मुलीला रोज कोमट पाण्यात उभं करून व्यायाम द्या, तेव्हा दुसरा बाप तरणतलाव शोधायला निघाला असता. माझा नवरा पाइप शोधायला निघाला.

इशिता दहा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिला साधा ताप आला, आणि तो उतरला तसा पायांतला जोरही उतरला. नसांचा आजार. त्याचं लांबलचक नाव मी पाठ केलं आणि नंतर मुद्दाम विसरले. दिवाळीनंतर जोर हळूहळू परत आला, पण तोवर डाव्या टाचेमागची शीर आखडून बसली होती. उजवा पाय नीट टेकायचा, डावा मात्र चवड्यावर, टाच अधांतरी. कोणी वरच्या फळीवरचा डबा काढायला एका पायाने उंच व्हावं, तशी माझी मुलगी दिवसभर उभी असायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी डॉक्टर तपासणार होते. गुडघा ताठ ठेवून टाच जमिनीला टेकली तर ठीक, नाहीतर शीर कापून लांब करायची. कापलेल्या शिरेत पुढे किती जोर राहील, ते मात्र त्यांना छातीठोक सांगता येईना. व्यायाम शिकवायला यायची ती संचिता, अगदी तरुण पोरगी, तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गार पाण्यात पाय घातला तर शीर सैल व्हायच्या ऐवजी आणखी आखडेल, तेव्हा पाण्याच्या उबेकडे लक्ष ठेवा. माझ्यासारख्या बाईला लक्ष ठेवा म्हणणं म्हणजे आगीत तेल. माशांच्या टाकीत लावतात तसला थर्मामीटर मी आणला आणि तो पर्समध्ये घेऊन फिरायला लागले.

भाईंदर पश्चिमेला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथे सकाळी नळ आला की पिंपं भरायची धावपळ. हौद कुठून आणणार? तो मिळाला जवळच्या राई गावात, धर्माजीकडे. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्या बायकोकडून भाजी घेत आलो होतो. अर्ध्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, भाजी लावायची थांबली, पण मळ्याला पाणी द्यायचा सिमेंटचा हौद तेवढा राहिला होता. एखादी लहान खोली मावेल एवढा लांबरुंद आणि इशिताच्या छातीपर्यंत खोल. धर्माजी म्हणाला, "रिकामाच हाय. पोरीचा पाय बरा व्हतोय तर घ्या, मला काय त्याचं न्हाय."

यतीनने महिन्याभरात हौदाशेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर काळ्या पाइपची वेटोळी पसरली. हौदातलं पाणी छोटी मोटर वर चढवायची, ते उन्हात तापलेल्या वेटोळ्यांतून फिरायचं आणि दुसऱ्या पाइपने पुन्हा हौदात उतरायचं. उतरत्या पाइपचं तोंड त्याने हौदाच्या एका कोपऱ्यात, पार तळाशी सोडलं होतं. गरम पाणी वर चढतं म्हणून ते तळाशी सोडायचं, हे त्याने मला, संचिताला, धर्माजीला आणि रिक्षावाल्यालासुद्धा समजावून सांगितलं. त्याच कोपऱ्यात इशिताने धरून उभं राहायला भिंतीला लोखंडी दांडी बसवली. पहिल्या दिवशी दुपारी हौदात हात घातला आणि पाणी कोमट लागलं, तेव्हा मी नवऱ्याला बारा वर्षांत दिले नव्हते तेवढे आशीर्वाद एकदम दिले. मनातल्या मनात, अर्थात. तोंडावर दिले असते तर त्याने गिझर खोलायला घेतला असता.

पाण्यात इशिताबरोबर उतरायची ती माझी आई. सरूबाई, कोकणातल्या पावसजवळच्या खेड्यातली, विहिरीत पोहून वाढलेली. मुलीच्या आजारपणात मदतीला म्हणून आली ती राहिलीच. लुगड्याचा काचा मारून ती हौदात उभी राहायची आणि नातीचा पाय दोन्ही हातांत धरून टाच खाली ओढायची. इशिता रडायची, आई गाणं म्हणायची, आणि मी काठावर थर्मामीटर घेऊन उभी.

आता एक सांगायला हवं. माझी आई आणि माझा नवरा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, उलट आदर फार. आमच्याकडे जावयापुढे सासू मोजकंच बोलते, आणि यतीनही सासूबाईंपुढे शर्टाची वरची गुंडी लावतो. त्यामुळे दोघांचं बोलणं म्हणजे टपाल, आणि पोस्टमन मी. यतीन हातभर अंतरावर बसलेला असताना आई मला विचारणार, "ममता, यतीनरावांना चहा टाकू का विचार." तो मला सांगणार, "आईंना म्हणावं, अर्धा कप." हौदावरही तसंच. तो सुट्टीच्या दिवशी पत्र्यावर, ती पाण्यात, आणि दोघांच्या मध्ये मी.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एका बुधवारी मला धार कमी वाटली. काठावरून वाकून जमेल तेवढा खोल हात घातला तर त्या कोपऱ्यात नुसती ऊब जाणवत होती, जोर नव्हता. संध्याकाळी यतीनला सांगितलं. तो म्हणाला, तुला वाटतंय. शनिवारी तो स्वतः आला तर दुपारी धार छान, पाणी कोमट. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मी थर्मामीटर पर्समध्ये घालून टाकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सोमवारी बरं, मंगळवारी जरा कमी, गुरुवारी काठावरूनच कळावं इतकं गार, आणि शनिवारी दुपारी पुन्हा सगळं सुरळीत.

यतीनने यावर विचार करून शोध लावला तो असा. शनिवार-रविवार आसपासचे कारखाने बंद असतात, त्यामुळे वीज पूर्ण दाबाने येते आणि मोटर जोरात चालते. आठवड्यात कारखाने वीज ओढतात, म्हणून मोटर मरगळते. शनिवारी कारखाने चालू असतात, हे मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, सगळे नसतात. धर्माजीने मान डोलावली, आणि पुढच्या दिवशी मोटरीपुढे नारळ फोडला, की तिलाही बरं वाटावं. मी चिडले होते, पण नारळाचा तुकडा खाल्ला.

मग आईला गावाला जावं लागलं. तिच्या भावाच्या नातवाचं लग्न होतं, टाळता येण्यासारखं नव्हतं. तपासणीच्या सोमवारच्या आधी येते म्हणाली. तिच्या जागी पाण्यात मी उतरायला लागले. मला तिच्यासारखा पाय धरता येत नव्हता. इशिता म्हणायची, आजी दुखवते पण बरं वाटतं, तू नुसतंच दुखवतेस.

आई गेली आणि धार रोज थोडी थोडी मरत गेली. शनिवार आला तरी सुधारली नाही. कारखान्यांचा शोध तिथेच गळून पडला. यतीनने रजा टाकली आणि हात धुऊन त्या पाइपांच्या मागे लागला. आधी म्हणाला लाइनमध्ये हवा अडकलीय. वरच्या टोकाला भोक पाडून हवा काढली. मग मोटरीची जाळी उघडून साफ केली, ती साफच होती. मग म्हणाला वेटोळी फार लांब झाली, पाणी दमतं; त्याने त्यांचे तीन तुकडे करून तीन वाटा केल्या. प्रत्येक दुरुस्तीनंतर पत्र्यावरून ओरडून विचारायचा, आलं का? मी पाण्यात हात घालून थांबायची आणि नाही म्हणायची. माझ्या नाहीने त्याचा चेहरा उतरायचा, आणि त्याचा उतरलेला चेहरा बघून मला त्याच्यावरच ओरडावंसं वाटायचं. पाणी दिवसेंदिवस गार होत चाललं होतं. इशिताच्या टाचेने जे थोडंफार खाली यायचं मनावर घेतलं होतं, तेही तिने सोडून दिलं. संचिता आली, पाय पाहिला आणि चपला घालायला लागली. तिने काहीतरी बोलावं म्हणून मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. ती एवढंच म्हणाली, "पाणी गरम करा ताई, बाकी नंतर बघू."

गुरुवारी दुपारी यतीनने पत्र्यावर उतरत्या पाइपचा सांधा मोकळा केला, तर तिथून मनगटाएवढी धार भसाभस पडायला लागली. म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक. तो पत्र्यावर मांडी घालून बसला, बराच वेळ डोकं खाजवलं आणि निकाल दिला की हवा उतरत्या पाइपात अडकलीय, आणि आपल्या मोटरीत तिला ढकलण्याची ताकद नाही. मोठी मोटर लावली की हवा एका झटक्यात बाहेर. धर्माजीने कुठल्याशा बांधकामावरून पाणी उपसायची मोटर मागून आणली. ती जोडेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, आणि जोडून होते न होते तोच वीज गेली. त्या वर्षी भारनियमन रोजचंच होतं. यतीनने स्विच चालूच ठेवला आणि सांधे आवळायला पुन्हा पत्र्यावर चढला. स्विच सगळेच चालू ठेवायचे. वीज आली की कळावं म्हणून.

ऊन कडक होतं. पाइपांतलं पाणी सकाळपासून जागच्या जागी तापत होतं. यतीन वरून म्हणाला, वेटोळ्याला हात लावला तर चटका बसतोय, आता बघच तू. इशिता दांडी धरून कोपऱ्यात उभी होती. तिथल्या तळाशी जरा ऊब असायची म्हणून ती डावा पाय त्या पाइपच्या तोंडाला अगदी लावूनच ठेवायची. संचितानेच तसं सांगितलं होतं. धर्माजी काठावर बसून तिला काहीतरी गोष्ट सांगत होता.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. गावाहून आई, शेजारच्या काशीनाथच्या फोनवरून. मी ऐकू यावं म्हणून शेवग्याच्या झाडापर्यंत चालत गेले. लग्न छान झालं, जेवायला माणूस फार आलं, असं सगळं ती सांगत होती आणि मी हूं हूं करत होते. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, आई, पाणी गार पडलंय, वरून येतच नाही, यतीनने सगळं उघडून पाहिलं, सोमवार तोंडावर आलाय, काय करायचं मला सुचत नाही. बोलता बोलता मी रडायला लागले.

आईने मधेच विचारलं, "शनिवारी फडकं धुतलंस ना?"

"कसलं फडकं?"

"अगं, पाइपच्या तोंडाला बांधलंय ते. वरून काळं काळं येतं पाण्यातून, पोरीच्या अंगाला चिकटतं. म्हणून माझ्या जुन्या लुगड्याचं बांधलं चार घड्या करून. दर शनिवारी सकाळी धुऊन परत बांधते. निघायच्या गडबडीत सांगायचं राहिलं बघ."

आमच्या गावच्या घरी प्रत्येक नळाला फडकं असतं. भाईंदरच्या फ्लॅटमध्येही ती आल्यापासून आहे. नळ उघडला की फडक्यातून गाळून पडणारं पाणी मी जन्मापासून बघत आलेय. पण हौदाच्या तळाशी, पाण्याखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या पाइपच्या तोंडाला माझी आई फडकं बांधेल, हे मला सुचलं नव्हतं, आणि यतीनला तर सात जन्मांत सुचलं नसतं. तिने मला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? इशिताच्या पायाला ते रोज लागायचं, पण आजीची फडकी ती घरी रोजच बघत होती. त्याने तिला विचारलं नाही, कारण सासूबाईंना मोटरीतलं काय विचारायचं?

हे सगळं एका क्षणात डोक्यात लख्ख झालं, आणि पुढच्या क्षणी मी हौदाकडे पाहिलं. फडकं गच्च झालेलं. वर पाइपात उकळायला आलेलं पाणी. मोठी मोटर जोडलेली, स्विच चालू. वीज आली की ते सगळं पाणी एकदम त्या फडक्यावर आदळणार, फडकं सुटणार, आणि तोंडाला लावून ठेवलेला पाय माझ्या मुलीचा.

फोन कुठे टाकला मला आठवत नाही. मी ओरडत पळाले. धर्माजी, तिला बाहेर काढा, असं मी ओरडत होते म्हणे. धर्माजीला वाटलं साप निघाला, आणि तो आधी स्वतःच उठून बाजूला झाला. इशिताला वाटलं मी तिच्यावर चिडलेय. तिने दांडी आणखी घट्ट धरली. मी साडीसकट हौदात उडी टाकली, तिच्या काखेत हात घातला आणि ओढलं. तिची बोटं दांडीवरून सुटेनात. मी तिच्या हातावर चापट मारली. ती सुटली, मी तिला काठावर ढकललं, आणि गोठ्याजवळ ती मोठी मोटर घुरघुरली.

माझ्या पायाशी पाणी उसळलं. काळं-हिरवं, ढवळून निघालेलं. पोटरीला चटका बसला तशी मी किंचाळत मागे पडले आणि गार पाण्यात बुडून वर आले. वरून यतीन आनंदाने ओरडत होता, "आलं, पाणी आलं बघ, हवाच होती." आणि फडकं तरंगत माझ्याजवळ आलं.

तो खाली उतरला तेव्हा मी काठावर बसून इशिताचे पाय पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते. तिला काही झालं नव्हतं. माझी पोटरी लाल झाली होती, एवढंच. मी फडकं त्याच्या हातात दिलं. त्या चार घड्यांत इतकं शेवाळ आणि काळा चोथा बसला होता की कापडाचा रंग ओळखू येत नव्हता. मग मी सांगितलं. सांगताना मला आईचा भयंकर राग आला होता, यतीनचा आला होता, आणि तिने तो प्रश्न विचारला नसता तर काय, हे डोक्यात आलं की रागाचं पार पाणी होत होतं. यतीन फडकं हातात धरून खाली बसला. स्विच मीच चालू ठेवला होता, असं तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, हो, तूच. खोटं कशाला बोलू?

थोड्या वेळाने त्याने गवतातून माझा फोन शोधून आणला, आणि मला न देता स्वतःच लावला. आमच्या लग्नानंतर तो पहिल्यांदा आईशी सरळ बोलत होता.

"आई, मी यतीन बोलतोय. नाही, नाही, रागावलो नाही. पोरगी ठीक आहे. मला एवढंच सांगा, पाण्यातून ते काळं यायचं ते सुरुवातीपासून यायचं का?"

पलीकडे आई बराच वेळ बोलत होती. तो मान हलवत ऐकत होता. तिने जे रोज पाहिलं होतं ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं: कधी काळं यायचं, कधी हिरवं, कुठल्या तासाला सगळ्यात जास्त. शेवटी त्याने विचारलं, पुन्हा बांधायचं का? ती काय म्हणाली ठाऊक नाही, पण त्याने मोठी मोटर काढून छोटी लावली, फडकं धुऊन, एकच पदर ठेवून, मोटरीच्या आधीच्या जाळीवर बांधलं, जिथे ते डोळ्यांना दिसेल. आणि मला बजावलं की रोज धुवायचं. जसं काही शोध त्याचाच.

आई शनिवारी रात्रीच्या गाडीने निघाली आणि रविवारी सकाळी घरी पिशव्या टाकून थेट राईला आली. यतीन दिसताच तिने डोक्यावरून पदर घेतला. तो म्हणाला, "आई, हात लावून बघा, पुरेसं गरम आहे का." तिने हौदात हात घातला, मला न सांगता त्यालाच म्हणाली, "अजून थोडं चालेल." मला एकदम बेकार झाल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी आम्ही सकाळपासून ऊन कलेपर्यंत तिथे होतो. धार अखंड येत होती. आई पाण्यात, इशिताचा पाय तिच्या हातांत, आणि दोन दिवसांत सगळं होईल अशी आशा धरण्याइतकी मी वेडी नव्हते, तरी धरून बसले होते. इशिता रडली, ओरडली, आजीला चावली. आईने गाणं थांबवलं नाही. मला सारखं वाटत होतं की इतका छळ करून उद्या डॉक्टरांनी कापायचंच म्हटलं तर या पोरीला आम्ही काय तोंड दाखवायचं.

शेवटी तिला बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि काठाच्या सपाट सिमेंटवर उभं केलं. पाहायचं तर सगळ्यांना होतं, पण वाकायला कोणी तयार नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले. टाच अजून वर होती. किती वर, ते बघावं म्हणून मी खाली दोन बोटं सरकवली. इशिताने माझ्या डोक्यावर हात टेकला, गुडघा ताठ केला आणि अंगाचा भार डाव्या पायावर टाकला. टाच खाली आली. माझी बोटं सिमेंटवर दाबली गेली, चुरचुरली. मी तशीच बसून राहिले. तिच्या पायाचं वजन माझ्या हातावर किती दिवसांनी येत होतं.

"आई, बोटं काढ ना," इशिता म्हणाली. "तुझ्या बोटांमुळे टेकत नाहीये."

मी बोटं काढली.